झोपाळू म्हणून हिणवू नका : मेंदूतील ओरेक्सिनची ओळख

वर्गात रोज डुलक्या घेणाऱ्या मुलाला आपल्याकडे नावे ठेवायला वेळ लागत नाही. शाळेत तो 'कुंभकर्ण' होतो, घरी 'आळशी' होतो. आणि एखाद्या दिवशी मित्रांबरोबर खो खो हसताना त्याचे गुडघे मोडून तो मटकन खाली बसला, की 'फिट आली, फिट आली' म्हणत लोक त्याच्या नाकाला कांदा लावतात. या तिन्ही नावांपलीकडे एक चौथे नाव असू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते नाव आहे नार्कोलेप्सी. तो आळस नाही, फिट नाही, आणि बाहेरची बाधा तर मुळीच नाही. मेंदूतील एक रासायनिक दूत नाहीसा झाल्यामुळे होणारा तो आजार आहे. त्या दूताचे नाव ओरेक्सिन. आज त्याची ओळख करून घेऊ.

पेप्टाइड म्हणजे काय?

डाळी, दूध, अंडी यांतून आपल्याला प्रथिने मिळतात हे वाचकांना माहीत आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्ले नावाच्या मण्यांची लांबच लांब माळ. हीच माळ आखूड असली की तिला पेप्टाइड म्हणतात. शरीर अशा आखूड माळांचा उपयोग निरोप्यासारखा करते. एक पेशी माळ सोडते, दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर तिच्यासाठी ठरलेले कुलूप असते. किल्ली कुलपात बसली की निरोप पोहोचला. मधुमेहींच्या परिचयाचे इन्सुलिन ही ५१ मण्यांची रचना आहे. प्रसूतीच्या कळा आणणारे ऑक्सिटोसिन अवघ्या ९ मण्यांचे आहे. ओरेक्सिन दोन प्रकारचे असते. 'ए' प्रकारात ३३ मणी आणि 'बी' प्रकारात २८ मणी. दोन्ही एकाच मोठ्या माळेतून कापून तयार होतात आणि त्यांच्यासाठी मेंदूत दोन प्रकारची कुलपे आहेत.

आता संख्येची गंमत पाहा. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांपैकी ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशी आहेत साधारण ७० हजार. म्हणजे सुमारे १२ लाख पेशींमागे एक! एखाद्या तालुक्याच्या गावात जेवढी माणसे, तेवढ्याच या पेशी. त्या सगळ्या मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागात एकत्र राहतात. भूक, तहान, शरीराचे तापमान आणि झोप यांचा कारभार याच भागातून चालतो. पण या मूठभर पेशींचे तंतू मात्र मेंदूच्या कानाकोपऱ्यांत आणि खाली पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत गेलेले असतात. गावाबाहेरच्या एका वीज उपकेंद्रातून साऱ्या तालुक्याला तारा जाव्यात, तसेच हे आहे. उपकेंद्र लहान असले तरी ते बंद पडले की अंधार सगळीकडे होतो.

शोधाची हकीकत

हा आजार जुनाच आहे. फ्रान्समधील डॉक्टर जेलिनो यांनी १८८० मध्ये त्याला नार्कोलेप्सी हे नाव दिले. त्यांचा रुग्ण मद्याच्या पिंपांचा व्यापारी होता. त्याला दिवसातून अनेक वेळा अनावर झोप येई आणि भावना उचंबळून आल्या की तो कोसळून पडे. पुढे १९१७ च्या सुमारास युरोपात मेंदूच्या सुजेची एक विचित्र साथ आली. काही रुग्ण सतत झोपत, तर काहींना झोपच येत नसे. व्हिएन्ना येथील डॉक्टर फॉन इकॉनोमो यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले. हायपोथॅलॅमसचा मागचा भाग बिघडला तर माणूस झोपाळू होतो, पुढचा भाग बिघडला तर झोप उडते, असे त्यांच्या लक्षात आले. जागेपणाचे ठाणे कुठे आहे हे तेव्हाच कळले होते. पण त्या ठाण्यात बसतो कोण, हे कळायला आणखी ऐंशी वर्षे लागली.

१९९८ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी हा पेप्टाइड स्वतंत्रपणे शोधून काढला. टेक्सास राज्यातील डॅलस येथे यानागिसावा आणि साकुराई हे जपानी शास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्याकडे काही कुलपे होती, पण त्यांची किल्ली कोणती हे माहीत नव्हते. शोधता शोधता ही किल्ली सापडली. ती उंदरांच्या मेंदूत टोचली तेव्हा उंदीर अधिक खाऊ लागले. म्हणून त्यांनी भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिचे नाव ठेवले ओरेक्सिन. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील दे लेसिया, सटक्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच पेप्टाइडला हायपोक्रेटिन हे नाव दिले. पाळण्यातले नाव एक आणि हाक मारायचे दुसरे, असे आपल्याकडे मुलांचे होते तसेच याचे झाले. आजही ग्रंथांत दोन्ही नावे दिसतात.

भुकेचा पेप्टाइड म्हणून जो नावारूपाला आला, तो मुख्यतः जागेपणाचा राखणदार निघाला. ते कळले १९९९ मध्ये. डॅलसच्या गटाने ओरेक्सिन अजिबात तयार होणार नाही असे उंदीर वाढवले. उंदीर रात्री जागणारा प्राणी, म्हणून त्यांचे रात्रीचे चित्रण केले. धावता धावता हे उंदीर एकाएकी आडवे होत आणि थोड्या वेळाने काहीच न झाल्यासारखे पुन्हा पळू लागत. आधी वाटले फिट असावी, पण मेंदूचा आलेख काढल्यावर ती फिट नसल्याचे दिसले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉक्टर मिन्यो यांनी दुसऱ्या वाटेने तेच घर गाठले. त्यांच्याकडे जन्मतः नार्कोलेप्सी असलेले डॉबरमन कुत्रे होते. आवडीचे खाणे समोर ठेवले की आनंदाने या कुत्र्यांचे पाय लुळे पडत. सुमारे दहा वर्षांच्या शोधानंतर त्यांच्यातील दोष सापडला. त्यांची किल्ली ठीक होती, पण कुलूप बिघडलेले होते.

मग माणसाचे काय? २००० मध्ये मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासण्यात आले. ओरेक्सिनच्या पेशींपैकी ८५ ते ९५ टक्के पेशी नाहीशा झालेल्या होत्या. आजूबाजूच्या पेशी मात्र जागच्या जागी होत्या. एकशे वीस वर्षांचे कोडे असे सुटले. मिन्यो आणि यानागिसावा या दोघांना या कामाबद्दल २०२३ चे ब्रेकथ्रू पारितोषिक मिळाले.

दाराची कडी

ओरेक्सिन नेमके करते काय? मेंदूत जागे ठेवणारी केंद्रे आहेत आणि झोपवणारीही आहेत. एक वर गेले की दुसरे खाली जाते, लहान मुलांच्या सी-सॉसारखे. निरोगी माणूस एकतर जागा असतो, नाहीतर झोपलेला असतो. मधल्या अवस्थेत तो फार वेळ राहत नाही. हे शक्य होते, कारण ओरेक्सिन जागेपणाच्या केंद्रांना सतत बळ देत असते. मी रुग्णांना दाराच्या कडीचे उदाहरण देतो. दार लावून कडी घातली की वारा कितीही सुटो, दार जागचे हलत नाही. कडी निखळली तर प्रत्येक झुळकीबरोबर दार उघडते आणि आपटते. नार्कोलेप्सीत नेमके हेच होते. दिवसा झोपेचे दार उघडते आणि रात्री जागेपणाचे. म्हणूनच लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की चोवीस तासांचा हिशोब केला तर हा रुग्ण आपल्यापेक्षा फार जास्त झोपतो असे नाही. त्याची झोप तुकड्यातुकड्यांनी सगळ्या दिवसभर विखुरलेली असते.

ओरेक्सिनचे दुसरे काम भुकेशी जोडलेले आहे. रक्तातील साखर उतरली की या पेशी अधिक काम करू लागतात आणि पोट भरले, साखर वाढली की मंदावतात. यामागे निसर्गाचा व्यवहार आहे. उपाशी प्राणी झोपून राहिला तर त्याला अन्न कोण आणून देणार? भूक लागली की जागे राहणे, हिंडणे, शोधणे भाग आहे. पुरणपोळीच्या जेवणानंतर डोळे मिटू लागतात, त्याच्या अनेक कारणांपैकी हेही एक असावे. दुपारचा तो काळ मुळातच सुस्तीचा असतो, त्यात हे भर घालते. वामकुक्षी सांगणाऱ्या आपल्या वाडवडिलांना ओरेक्सिन ठाऊक नव्हते, पण अनुभव पक्का होता.

तिसरे काम मनाशी संबंधित आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अपस्माराच्या तपासणीसाठी मेंदूत तारा बसवलेल्या रुग्णांमध्ये ओरेक्सिन थेट मोजले गेले. आनंदाच्या क्षणी, आपल्या माणसांशी बोलताना आणि रागाच्या भरातही ते वाढलेले दिसले. झोपेत ते कमी होते. म्हणजे हे नुसते डोळे उघडे ठेवणारे रसायन नाही. आपण एखाद्या गोष्टीत जीव ओततो, तिथे ते हजर असते. याची दुसरी, काळी बाजूही आहे. २०१८ मध्ये हेरॉइनच्या व्यसनी माणसांच्या मेंदूत ओरेक्सिनच्या पेशी सुमारे निम्म्याने जास्त आढळल्या. व्यसनाची ओढ आणि हा पेप्टाइड यांच्या नात्याचा अभ्यास त्यानंतर जोरात सुरू झाला.

कडी निखळते तेव्हा

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दहावीतील एक मुलगी आली. सोबत आई आणि आजी होत्या. आठवीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत असणारी ही मुलगी नववीपासून तासाला झोपू लागली. पेपर लिहिता लिहिता अक्षर वेडेवाकडे होत जाई आणि पेन कागदावर तसेच राही. मामाच्या हळदीला भावंडांच्या थट्टेत हसता हसता ती जमिनीवर कोसळली. पुन्हा दोनदा तसेच झाले. आधी देवर्ष्याकडे अंगारा झाला, मग फिटच्या गोळ्या झाल्या. फरक पडला नव्हता. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पोरीला हसायचीसुद्धा चोरी झालीय."

मी मुलीला विचारले, "पडतेस तेव्हा आजूबाजूचं ऐकू येतं का, बाळ?"

ती म्हणाली, "सगळं ऐकू येतं. कोण काय म्हणतंय ते कळतं. फक्त हलता येत नाही आणि बोलता येत नाही."

या एका उत्तराने वाट दाखवली. मोठ्या फिटमध्ये माणसाची शुद्ध हरपते. नंतर काय घडले ते त्याला आठवत नाही, जीभ चावली जाते, कपड्यांत लघवी होऊ शकते, नंतर गुंगी राहते. या मुलीची शुद्ध एकदाही गेली नव्हती. मी तिला शहरातील मेंदुविकारतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे नार्कोलेप्सीचे निदान पक्के झाले. औषधे सुरू झाली आणि शाळेने दुपारी वीस मिनिटे झोपण्याची सोय केली. तिचा आजार गेला नाही, जाणारही नाही. पण बारावी तिने नियमित वर्गात बसून पूर्ण केली.

या आजाराची मुख्य लक्षणे पाच आहेत.

पहिले, दिवसा येणारी अनावर झोप. ती जेवताना, बोलताना, चालत्या गाडीवरही येते. दहा-वीस मिनिटांच्या डुलकीनंतर माणूस ताजातवाना होतो आणि दोन-तीन तासांनी पुन्हा तेच.

दुसरे, कॅटाप्लेक्सी. हसू, आश्चर्य, राग अशा भावनेच्या भरात स्नायूंतील बळ एकाएकी जाते. कधी नुसता जबडा लोंबतो, मान झुकते, हातातला कप पडतो. कधी माणूस पूर्ण कोसळतो. हे काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटे टिकते. लहान मुलांत तोंड उघडे राहणे, जीभ बाहेर येणे, पापण्या जड होणे एवढेच दिसू शकते.

तिसरे, झोप लागताना किंवा जाग येताना शरीर लाकडासारखे होणे.

चौथे, त्याच वेळी खोलीत कोणी आल्याचा, छातीवर कोणी बसल्याचा भास होणे.

पाचवे, रात्रीची झोप वारंवार मोडणे. यांखेरीज मुलांचे वजन थोड्या काळात वाढलेले आढळते.

सर्व लक्षणे प्रत्येकात असतीलच असे नाही. कॅटाप्लेक्सी नसलेला नार्कोलेप्सीचा एक प्रकारही असतो आणि त्यात ओरेक्सिन बहुधा शाबूत असते.

ही लक्षणे एकत्र का येतात, तेही समजून घेऊ. आपण स्वप्ने पाहतो त्या झोपेत मेंदू आपले हातपाय मुद्दाम लुळे करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खाटेवरून खरोखरच पळत सुटला असता. निरोगी माणसाला ही स्वप्ननिद्रा झोप लागल्यावर साधारण दीड तासाने येते. ओरेक्सिन नसले की ती वेळी-अवेळी जागेपणात घुसते. तिच्यातला लुळेपणा तेवढा घुसला तर कॅटाप्लेक्सी, आणि स्वप्न घुसले तर भास. 'रात्री भूत छातीवर बसते' या जुन्या समजुतीच्या मागे बहुतेक वेळा हीच स्वप्ननिद्रा असते. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. जागरण झाले, वेळा बिघडल्या तर निरोगी माणसालाही असा अनुभव आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी येतो. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये.

पेशी का मरतात?

आपली रोगप्रतिकारशक्ती घराची राखण करता करता कधी घरच्याच माणसावर काठी उगारते. लहान मुलांच्या मधुमेहात ती इन्सुलिनच्या पेशी मारते. ओरेक्सिनच्या पेशींच्या बाबतीतही असेच घडत असावे, असे आजवरचा पुरावा सांगतो. कॅटाप्लेक्सी असलेल्या रुग्णांपैकी दहात नऊहून अधिक जणांत रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांचा एक ठरावीक ठसा सापडतो. मात्र तोच ठसा असलेली असंख्य माणसे आयुष्यभर निरोगी राहतात. म्हणजे बी असले तरी ते रुजायला काही निमित्त लागते.

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीने हे निमित्त उजेडात आणले. त्या साथीनंतर चीनमध्ये मुलांत नव्या रुग्णांची संख्या वाढलेली दिसली. फिनलंड आणि स्वीडनमध्ये त्या साथीसाठी वापरलेल्या पँडेमरिक्स या विशिष्ट लसीनंतरही मुलांत असे रुग्ण वाढले. ती लस केव्हाच वापरातून गेली आहे. यावरून सर्वच लसींना नावे ठेवणे हा अविचार होईल. बालकांच्या नेहमीच्या लसीकरणाचा याच्याशी संबंध नाही.

आता प्रत्येक आईबाप दबक्या आवाजात विचारतात तो प्रश्न. हा आजार आनुवंशिक आहे का? मुलीच्या लग्नाचे काय? उत्तर असे : हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात एक-दोन इतकीच असते. आयुर्मान त्याने कमी होते असे नाही. बुद्धी तर मुळीच कमी होत नाही. लग्न जमवताना तो लपवू नये, पण तो लग्नाच्या आड येण्याचेही कारण नाही.

निदान आणि उपचार

पाश्चात्त्य देशांत दर दोन ते चार हजार माणसांमागे एक रुग्ण असा ढोबळ हिशोब मांडला जातो. सुरुवात बहुतेक वेळा दहा ते पंचवीस या वयात होते. लक्षणे सुरू झाल्यापासून योग्य निदान होईपर्यंत आठ-दहा वर्षे जाणे ही तिकडेही नवलाची गोष्ट नाही. नेमकी हीच वर्षे शिक्षणाची आणि नोकरी शोधण्याची असतात, म्हणून हा उशीर महाग पडतो.

निदानासाठी रुग्णालयात रात्रभर झोपेचा आलेख काढतात. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी चार-पाच वेळा डुलकी घ्यायला सांगतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोन वेळा स्वप्ननिद्रा लगेच सुरू झाली, तर निदानाला बळकटी येते. पाठीतील पाणी काढून ओरेक्सिन मोजण्याची तपासणीही आहे, पण ती सर्वत्र उपलब्ध नसते. तपासणीआधी निदान आठवडाभर पुरेशी झोप घ्यावी आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा वहीत लिहून न्याव्यात. कोसळण्याचा प्रसंग कोणी मोबाइलवर चित्रित केला असेल तर तो डॉक्टरांना अवश्य दाखवावा. त्याचा फार उपयोग होतो.

वाचक विचारतील, ओरेक्सिन कमी पडते तर तेच गोळीतून का देत नाही? अडचण अशी, की पेप्टाइड पोटात गेले की वरणातल्या प्रथिनासारखे पचून जाते. रक्तात टोचले तरी मेंदूभोवतीचे कुंपण ते सहजी ओलांडत नाही. म्हणून ओरेक्सिनच्या कुलपात बसेल अशी लहान, पोटात टिकणारी बनावट किल्ली तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. अशा एका गोळीच्या चाचणीचे आशादायक निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. तोवर हाताशी असलेली औषधे लक्षणे आवरतात. दिवसाच्या झोपेसाठी मोडाफिनिलसारखी, आणि कॅटाप्लेक्सीसाठी नैराश्यावरील काही औषधे वापरतात. ही औषधे मेंदुविकारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. कॅटाप्लेक्सीचे औषध मनाने एकदम बंद केले तर झटके उलट वाढतात. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, हे विवाहित भगिनींनी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. आणि परीक्षेच्या दिवसांत जागरणासाठी मित्राकडून अशी गोळी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे, की हा पोरखेळ नव्हे.

औषधाइतकीच दिनचर्या महत्त्वाची. रात्री ठरल्या वेळी झोपणे, दुपारी ठरवून पंधरा-वीस मिनिटांच्या एक-दोन डुलक्या घेणे, दुपारी भात आणि गोडधोड बेताने खाणे, दारूपासून दूर राहणे, यांचा चांगला उपयोग होतो.

या संशोधनाचा दुसरा लाभ निद्रानाशाच्या रुग्णांना झाला. ओरेक्सिनच्या कुलपात खुंटी ठोकून किल्ली बसू न देणारे औषध बनवले तर झोप येईल, हा साधा विचार. सुवोरेक्संट हे अशा प्रकारचे पहिले औषध अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाले. पुढे त्याच जातीची आणखी औषधे आली. जुन्या झोपेच्या गोळ्या सगळ्या मेंदूला मंद करतात, ही औषधे जागेपणाचा आवाज तेवढा कमी करतात. तरीही दुसऱ्या दिवशी सुस्ती राहू शकते आणि नार्कोलेप्सीच्या रुग्णाला ती मुळीच देत नाहीत.

प्रत्येक झोपाळू माणूस रुग्ण नव्हे

हा लेख वाचून घराघरात नार्कोलेप्सी शोधू नये. दिवसा झोप येण्याची साधी कारणे कितीतरी अधिक आढळतात. रात्री बारा-एकपर्यंत मोबाइल पाहणे आणि सहाला उठणे, हे त्यांत पहिले. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, हे दुसरे. पंडुरोग, थायरॉइडची कमतरता, रात्रपाळी, नैराश्य, सर्दी-खाज यांवरील काही गोळ्या, दारू, ही आणखी काही. पुरेशी झोप घेऊनही तीन महिन्यांहून अधिक काळ दिवसा झोप आवरत नसेल, किंवा हसताना बळ जात असेल, तर मात्र टाळाटाळ करू नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटून त्यांच्या चिठ्ठीने जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदुविकार विभागात दाखवावे.

घरच्यांनी आणि गुरुजींनी करायच्या गोष्टी

१. कोसळलेल्या रुग्णाची शुद्ध असते, हे लक्षात ठेवा. त्याच्यासमोर वेडेवाकडे बोलू नका. डोक्याखाली काही मऊ द्या आणि दोन मिनिटे थांबा. तोंडात पाणी घालू नका, कांदा-चप्पल लावू नका. शुद्ध नसेल, झटके येत असतील किंवा पाच मिनिटांत बरे वाटले नाही, तर लगेच दवाखाना गाठा.

२. झोप औषधाने आटोक्यात आल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू देऊ नका. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, गिरणीचा पट्टा यांपासून दूर ठेवा. विहिरीत, तळ्यात एकट्याने पोहायला जाऊ देऊ नका. चुलीजवळ, उकळत्या तेलाजवळ सोबत असावी.

३. गुरुजी आणि बाईंनी अशा मुलाला बाकावर उभे करू नये. मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटे डोके टेकू द्यावे. ती वीस मिनिटे त्याला पुढचे दोन तास देतात.

४. त्याच्या हसण्यावर बंदी घालू नका. पडण्याच्या भीतीने अशी मुले हसणे टाळतात, मित्रांत जाणे सोडतात आणि एकलकोंडी होतात. जमिनीवर बसून हसले तर पडायचे कुठे?

५. 'मनावर घेतलंस तर जागा राहशील' हे वाक्य घरातून हद्दपार करा. पांगळ्याला 'मनावर घे आणि पळ' असे आपण म्हणत नाही.

बारा लाखांत एक अशी ती पेशी. ती आहे तोवर आपल्याला जागे राहण्याचे श्रेय फुकट मिळते आणि आपण ते आपल्या मेहनतीच्या खाती मांडतो. ज्याच्याजवळ ती उरली नाही, त्याला रोजचा दिवस पदरच्या कष्टाने जागवावा लागतो. त्याला निदान आळशी तरी म्हणू नये.

पुढील आठवड्यात : घोरणे – विनोद की आजार?